तीनशे वर्षांपूर्वीचा म्हातारा

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं आरशासमोर किती वेळ उभं राहावं, याचा नियम तीनशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्यानं घालून दिला आहे, असं आमचे घरमालक अप्पा सांगायचे. भांग पडेपर्यंत. भांग पाडण्याइतके केस उरले नसतील, तर तेवढ्या वेळात बाहेर जाऊन झाडाला पाणी घालावं.

हा नियम मला ऐकवायला कारण होतं. त्या दिवशी मी केसांना कलप लावून ऐटीत जिना उतरत होतो. कलप दुकानदारानं आग्रहानं दिलेला होता आणि डबीवर जो तरुण छापला होता त्याला कलपाची काहीच गरज नव्हती. सावलीत माझे केस काळे दिसत. उन्हात मात्र त्यांना जांभळी झाक यायची. शिवाय कपाळावर आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांवर रंग उतरला होता, तो घासून निघत नव्हता. अप्पांची मोठी बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो, अंगणात उभी होती. तिनं मला खालीवर बघितलं आणि विचारलं, "हे वांगं कुठल्या बाजारातलं रे?"

मग दाराजवळच्या खुर्चीतून अप्पांनी तो आरशाचा नियम सांगितला आणि शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाले, "हौदिल्लो?" म्हणजे खरं की नाही. त्यांची प्रत्येक गोष्ट कानडीतल्या या प्रश्नावर संपायची आणि उत्तराची वाट ते कधी बघायचे नाहीत.

मी हुबळीत विद्यानगरला त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. तारिहाळच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात कामाला होतो. अप्पा जाऊन आता दोन-तीन वर्षं झाली. मीही पुढं दुसरीकडे राहायला गेलो. पण माझं वय जसजसं वाढायला लागलंय, तसतसा तो माणूस मला जास्त आठवतो.

दिसायला काटकुळे. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गोकुळ रोडवर त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. सगळं आयुष्य लोखंड कातण्यात गेलं. त्यामुळं हाताला कुठलीही वस्तू लागली की तिच्या कडेवरून अंगठा फिरवून ती गुळगुळीत आहे का, हे बघायची सवय. जिन्याचा कठडा, ताटाची कड, लग्नपत्रिका, सगळ्यांवरून तो अंगठा फिरायचा. एकदा आमच्या घरी पाहुणे आले होते, त्यांच्या तान्ह्या बाळाच्या टाळूवरून अंगठा फिरवून अप्पा म्हणाले, "फिनिशिंग चांगलं आहे."

त्यांचं गाव अळणावरकडचं. बायको लवकर गेली, तेव्हा विधवा झालेली अक्का गावाकडून आली आणि घर सांभाळू लागली. दोघं सत्तरीच्या पुढची. दिवसभर भांडायची. भांडण मराठीत सुरू व्हायचं, रंगात आलं की कानडीत जायचं आणि मिटायला लागलं की परत मराठीत यायचं. वर बसून आम्हाला भाषेवरूनच कळायचं, आता चहा कधी होणार ते.

अप्पांचा खरा छंद म्हणजे तो म्हातारा. "तीनशे वर्षांपूर्वी एक म्हातारा होता," अशी त्यांची सुरुवात ठरलेली. या म्हाताऱ्याला नाव नव्हतं. कधी तो गुराखी असायचा, कधी कुठल्याशा संस्थानचा कारभारी, एकदा तर न्हावी होता. वयाच्या बाबतीत मात्र तो पक्का. अप्पा बहात्तरचे होते तेव्हा म्हातारा बहात्तरचा होता, पुढल्या वर्षी दोघंही त्र्याहत्तरचे झाले. खरेदी खात्यातल्या माणसानं बारकावे बघायचे असतात. हा बारकावा मला वर्षानुवर्षं दिसला नाही.

माझ्या डोळ्यांचंही तेच होतं. जवळचं दिसेनासं झालं होतं, डॉक्टरांनी नंबर काढून दिला होता आणि चष्मा तयार होऊन कपाटात पडला होता. चष्मा लावला की माझा चेहरा थेट वडिलांसारखा दिसायचा, म्हणून मी तो लावत नव्हतो. कागद लांब धरायचो. हात पुरेनात तसा खुर्ची मागं सरकवायचो. अशाच एका दिवशी मी ड्रॉइंगवरचा आठ हा आकडा सहा वाचला आणि कारखान्यात सहाच्या बोल्टची पोतीच्या पोती येऊन पडली. साहेबांनी मला सगळ्यांसमोर एक बोल्ट आठच्या भोकात टाकायला लावला. तो आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं खाली पडला. टण् असा आवाज झाला. नंतर कितीतरी दिवस मी कँटीनमध्ये शिरलो की कोणीतरी चमचा खाली पाडायचं.

अप्पांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. एकदा तो दुसऱ्याच्या घरात शिरून जेवून आला. जेवण चांगलं होतं म्हणून बोलला नाही. पण त्यावेळी चष्मे नव्हते, त्याला माफ आहे. तुला काय झालंय?"

मी म्हटलं, "अप्पा, अजून तेवढी गरज नाही."

"नाही की! बोल्टला विचार."

सगळ्यात चांगली गोष्ट खुर्चीची. अप्पांची खुर्ची दाराजवळ असायची, अगदी उंबऱ्याला लागून. का, तर त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की वय झालं की घराच्या मधोमध बसू नये. मधे बसलं की येणारा-जाणारा वळसा घालतो, आणि वळसा घालताना मनातल्या मनात काहीतरी बोलतो. दाराजवळ बसलं की येणारा थांबून बोलतो आणि जाणारा सांगून जातो. अप्पा तसे वागलेही होते. हात चांगले चालत होते तेव्हाच त्यांनी वर्कशॉप आपल्या जुन्या कारागिराला सोपवलं. घराच्या किल्ल्या अक्काकडे. टीव्हीचा रिमोट अक्काकडे. अमुक भाजीत मीठ कमी आहे, हे बोलायचं त्यांनी साठाव्या वर्षी बंद केलं, ते कायमचं.

ही खुर्चीची गोष्ट मी आमच्या कारखान्यातल्या एका निरोप समारंभात वापरली. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याविषयी बोलायला मला उभं केलं होतं. मी आधी मराठीत सांगितली, मग कानडीत सांगितली. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. बायका डोळे पुसायला लागल्या. एवढं यश मला झेपलं नाही. मी माईक सोडला नाही आणि आणखी पुढं म्हणालो, "ही गोष्ट अळणावरकडच्या एका सत्पुरुषाच्या हस्तलिखित पोथीत आहे."

सत्पुरुष आणि पोथी ही दोन्ही माझ्याकडची भर.

समारंभ संपल्यावर निवृत्त होणाऱ्या गृहस्थांचे जावई मला शोधत आले. ते धारवाडला एका कॉलेजात शिकवायचे आणि जुन्या पोथ्या गोळा करायचे. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी माझा हात धरला. "सर, पोथी एकदा बघायला मिळेल का?"

"न मिळायला काय झालं!" मी म्हणालो.

मला खरंच वाटत होतं की अप्पांकडे असं काहीतरी असणार. खालच्या खोलीत त्यांचं एक कुलूप लावलेलं कपाट होतं. एवढी वर्षं मी त्या कपाटाकडे आदरानं बघत आलो होतो. रविवारी सकाळी खाली गेलो. अप्पा खुर्चीत, अक्का जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"अप्पा, ती पोथी जरा द्या की."

"कुठली पोथी?"

"त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्याची. कपाटातली."

अप्पा पंख्याकडे बघायला लागले. अक्का मात्र अशी हसली की निवडलेली मेथी आणि काड्या परत एक झाल्या.

"अय्यो! कपाटात पाने आहेत, पक्कड आहे, बुटाचं पॉलिश आहे. पोथी? ह्यानं जन्मात एकच पुस्तक वाचलंय. स्कूटरसोबत आलेलं. तेपण अर्धं."

"मग तो म्हातारा?"

"बसलाय की समोर."

मी अप्पांकडे बघितलं. ते जराही ओशाळले नव्हते. खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे बघ. पहिल्यांदा मी माझ्या नावावरच सांगत होतो. मी असं म्हणतो, मी तसं म्हणतो. लोक मोबाईल बघायचे. एक दिवस गंमत म्हणून म्हटलं, तीनशे वर्षांपूर्वी एक म्हातारा म्हणून गेलाय. सगळे गप्प! एकानं तर लिहून घेतलं. जिवंत म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय? तो खोकतोय, चहा मागतोय. मेलेला असला, लांबचा असला, की बरं वाटतंय लोकांना. हौदिल्लो?"

"आता मी त्या प्राध्यापकांना काय सांगू?"

"खरं सांग. आणि काय होतंय ते बघ."

मी तिथूनच फोन लावला. म्हटलं, सर, माफ करा, पोथी वगैरे काही नाही, ती गोष्ट आमचे घरमालक सांगतात, त्यांची स्वतःची आहे. पलीकडून ते म्हणाले, "असं होय. बरं बरं." आणि मला विचारलं, विद्यानगरात एखादी दोन खोल्यांची जागा भाड्यानं मिळेल का.

"बघितलास?" अप्पा म्हणाले. "गोष्ट तीच. फक्त तीनशे वर्षं काढून घेतलीस."

एवढं सगळं सोडायला शिकवणारा हा माणूस एक गोष्ट मात्र सोडायला तयार नव्हता. स्कूटर.

ती त्यांच्या वर्कशॉपइतकीच जुनी होती. निम्मे भाग त्यांनी स्वतः लेथवर काढलेले, त्यामुळं ती अमुक कंपनीची आहे असं म्हणायची सोय राहिली नव्हती. दर गुरुवारी सकाळी तिच्यावर अक्काला मागं बसवून ते धारवाडला जायचे. नाव भाजीचं. हुबळीच्या वांग्यांना अक्का वांगी म्हणायला तयार नसे. खरं कारण म्हणजे धारवाडच्या बाजारात अळणावरकडच्या बायका भाजी घेऊन बसायच्या, आणि अक्काला गावातली लग्नं, बाळंतपणं, भांडणं ही सगळी माहिती त्यांच्याकडून मिळायची. गावात तिचं कोणी राहिलं नव्हतं. तो गुरुवार एवढंच तिचं गाव होतं.

आणि अप्पांना दिसत नव्हतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. दुसऱ्या डोळ्याचा पडदाच गेलाय, आता गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अप्पा म्हणाले होते, "रस्ता मला पाठ आहे." रस्ता पाठ होता, पण रस्त्यावरची माणसं दर गुरुवारी बदलायची.

एका गुरुवारी दुपारी अक्का जिना चढून वर आली. ती कधी वर येत नसे. गुडघे धरून पलंगावर टेकली. हातातल्या पिशवीत वांगी होती, सगळी ठेचकाळलेली, मातीनं भरलेली.

"आज वरच जाणार होतो रे दोघं," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. चौकात सिग्नल लाल होता. पण कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानावर हिरव्या दिव्यांचं अधिकच्या चिन्हासारखं मोठं चिन्ह असतं ना, ते लागलं होतं. अप्पांना तो हिरवा सिग्नल वाटला. त्यांनी स्कूटर सरळ आत घातली. आडव्या बाजूनं येणाऱ्या बसवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. पिशवी उडाली. अक्का चौकाच्या मधोमध वांगी गोळा करत होती आणि अप्पा बसवाल्याला विचारत होते, तुला सिग्नल दिसत नाही काय.

"तुम्ही त्यांना सांगा की अक्का, मी नाही बसत म्हणून."

"कसं सांगू? मला कुठं आवडतंय त्या गाडीवर? कंबर मोडती. ती मधल्या, फक्त बसच्या रस्त्यानं एसी बस जाती, बघते की मी दर गुरुवारी. काचेच्या खिडकीला टेकून बायका कशा झोपून जातात. पण मी नाही म्हटलं तर ह्याला वाटणार, बहिणीनंसुद्धा म्हातारा ठरवलं. तू सांग. पुढच्या गुरुवारच्या आत सांग."

मी पहिला प्रयत्न सरळ केला. "अप्पा, आता स्कूटर सोडा."

"तू चष्मा लाव," अप्पा म्हणाले आणि पेपर उघडला. तो उलटा होता, पण त्या क्षणी ते दाखवून देण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता, कारण तो उलटा असल्याचं मलाही फोटोतल्या पुढाऱ्याचे पाय वर दिसले तेव्हा कळलं.

दुसरा प्रयत्न मला शोभणारा होता. कोणी नाही असं बघून मी स्कूटरच्या प्लगची टोपी उपसून ठेवली. अप्पा आले, दोनदा किक मारली, खाली वाकले, आणि न बघता नुसता अंगठा फिरवून ती टोपी जागेवर बसवली. मग उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "अक्का, घरात उंदीर झालाय. पन्नाशीचा आहे. जांभळ्या केसांचा."

बुधवारची संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. अक्कानं पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली होती, ती वाऱ्यानं हलत होती आणि मला काही सुचत नव्हतं. अप्पा खुर्चीत बसून शर्टाची बाही दुमडत होते. मी उंबऱ्यावर बसलो.

"अप्पा, तीनशे वर्षांपूर्वी एक म्हातारा होता."

बाही दुमडणारा हात थांबला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला.

"कुठला?" अप्पांनी विचारलं.

"अळणावरकडचा. त्याच्याकडे एक घोडा होता. फार गुणी घोडा. म्हातारा त्याच्यावरून दर गुरुवारी बाजाराला जायचा. मागं बहिणीला बसवून."

"तीनशे वर्षांपूर्वी बायका घोड्यावर मागं बसायच्या?"

"अळणावरकडं बसायच्या."

"बरं. पुढं?"

"म्हाताऱ्याला दिसेनासं झालं. घोडा चांगला होता, रस्ता पाठ होता, पण एक दिवस तो बहिणीला घेऊन पडता पडता वाचला. त्या दिवशी त्यानं ठरवलं, घोडा धडधाकट आहे तोवरच देऊन टाकायचा. म्हणजे लोक घोड्याचं नाव काढतील. नाहीतर भाऊ-बहीण कुठं पडली, त्या जागेचं नाव काढतील."

अप्पांनी दुमडलेली बाही परत सोडली. मग म्हणाले, "आणि बहिणीचा बाजार?"

"दोघंही बैलगाडीनं जायला लागली. बहीण खिडकीशी बसायची."

"बैलगाडीला खिडकी?"

मी उंबऱ्यावरची माती नखानं खरवडायला लागलो. आतून अक्काचा आवाज आला, "होती होती. काचेची होती. तू पुढचं ऐक."

अप्पांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. एका डोळ्यानं त्यांना काय दिसलं कोण जाणे. मग अंगठा खुर्चीच्या कडेवरून हळूहळू फिरवत राहिले. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"बहिणीला बैलगाडी आवडत होती काय?" त्यांनी विचारलं. मला नव्हे.

"आवडत होती," आतून उत्तर आलं.

"मग आधी का बोलली नाही?"

"भावाला घोडा आवडत होता म्हणून."

अप्पा उठले. खिळ्यावरची किल्ली काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्यासमोर धरली. "त्या म्हाताऱ्याला मी ओळखतो. लबाड होता. पण त्याची एक अट होती, ती तू सांगायला विसरलास. घोडा घेणाऱ्यानं चष्मा लावायचा. हौदिल्लो?"

मी नको म्हणणार होतो. मला स्कूटर नकोच होती. पण आत भांडी अजून गप्प होती.

"हौदु," मी म्हणालो, म्हणजे खरं.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून कारखान्यात गेलो. सगळे हसले. हसणारे कोण कोण आहेत, हे पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. कलपाची डबीही त्याच आठवड्यात गेली, कारण चष्म्यातून आरशात बघितल्यावर कानांच्या पाळ्या मला अजूनही जांभळ्या दिसल्या.

पुढं काही महिन्यांनी एका गुरुवारी मला सुट्टी होती आणि स्कूटर, तिच्या स्वभावाप्रमाणे, बंद होती. मीही त्या दोघांबरोबर एसी बसमधून धारवाडला निघालो. अक्का खिडकीशी बसली होती, काचेला डोकं टेकून, पिशवी मांडीवर. अप्पांना दारालगतची सीट लागायची, ती त्यांना मिळाली होती. त्यांच्या शेजारी एक अनोळखी आजोबा बसले होते. मी मागच्या सीटवर. ते आजोबा तक्रार करत होते, मुलानं मोटरसायकलची किल्ली काढून घेतली, मला काय दिसत नाही काय, चाळीस वर्षं चालवतोय.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या दांडीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "पाचशे वर्षांपूर्वी एक म्हातारा होता."

आजोबा गप्प झाले.

"अळणावरकडचा. त्याच्याकडे एक घोडा होता."

त्या बुधवारी सांगितलेली माझी गोष्ट दोनशे वर्षांनी म्हातारी झाली होती. मी पुढं वाकून ऐकत राहिलो. बहीण आली, बाजार आला, पडता पडता वाचणं आलं. शेवटी बैलगाडी आली.

"त्या बैलगाडीला," अप्पा म्हणाले, "काचेची खिडकी होती."

आजोबांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही.

अक्का झोपली होती.